एकोणीस गाड्या आणि अक्काची खुर्ची

अपघात या विषयावर मला कोणी शिकवायला येऊ नये! बावीस वर्षं मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतोय. नुसता पोचा बघून सांगतो, चूक कोणाची, ब्रेक कधी लागला आणि गाडीवाला खोटं कुठून बोलायला लागला. ऑफिसात माझ्या टेबलावर आलेला दावा म्हणजे डॉक्टरपुढे आलेली जीभ. बाहेर काढायचीच!

त्यामुळे आमच्या गल्लीतल्या रहदारीचा बंदोबस्त करायचं मी मनावर घेतलं तेव्हा बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "एक महिना. फक्त एक महिना दे मला. गल्लीत गाड्या कासवासारख्या चालतील!"

"गेल्या महिन्यात तू न्हाणीघराचा नळ दुरुस्त करणार होतास," बायको म्हणाली.

"नळ हा माझा विषय नाही!"

"ते नळालाही कळलंय."

जाऊ दे. मुद्दा गल्लीचा. आमची गल्ली म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी चिंचोळी पट्टी. पुढच्या चौकातला सिग्नल चुकवायचा असेल त्या प्रत्येकाला ती कुठून कळते देव जाणे, पण कळते. संध्याकाळी पाच वाजले की स्कूटरी, मोटारी, सामान पोचवणाऱ्या गाड्या, सगळे पाठीमागे वाघ लागल्यासारखे आमच्या दारांसमोरून सुसाट सुटायचे.

आणि हे सगळं मी अक्कासाठी करत होतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनेच वाढवलं, आणि आता आमच्याकडेच असते. मी त्रेपन्न वर्षांचा झालो, डोक्यावर मोजून केस उरलेत, तरी चारचौघांत मला "बाळ्या" म्हणून हाक मारायचा तिचा हक्क अबाधित आहे.

समोरच्या घरात सिस्टर राहतात. इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स, पण सगळी गल्ली अजून सिस्टरच म्हणते. त्यांची दृष्टी हल्ली पार अधू झालीय. म्हणून रोज संध्याकाळी अक्का वर्तमानपत्र काखोटीला मारून रस्ता ओलांडायची आणि त्यांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवायची. जाहिरातींसकट! मध्येमध्ये दोघी सरकारला शिव्या घालायच्या, कोणाकोणाची लग्नं मोडायच्या, जुळवायच्या. दीड तास कसा गेला, दोघींनाही कळायचं नाही. आमच्या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत अठरा पावलं.

मी हे मनावर घेतलं त्याच्या तीनेक महिने आधी त्या अठरा पावलांतल्या सातव्या पावलाला एक स्कूटर अक्काला घासून गेली. थांबलीही नाही. अक्का पडली, मनगट मोडलं. प्लास्टर लागलं, प्लास्टर निघालं, हात बरा झाला. पण अक्का काही फाटकाबाहेर पाऊल टाकेना. "मला काय करायचंय बाहेर?" म्हणायची आणि खिडकीत बसायची. समोर सिस्टर त्यांच्या खिडकीत. अक्का फोनवरून बातम्या वाचून दाखवायची, पण पाच-दहा मिनिटांत दोघी गप्प व्हायच्या. फोन कानाला तसाच. मी एकदा विचारलं, "काय गं, बोलत का नाही?" तर म्हणाली, "अरे, समोर बसल्याशिवाय भांडायला मजा नाही येत."

त्याच दिवशी मी ठरवलं, आता पुरे!

मी नगरपालिकेत गेलो. तिथे रस्ते विभागात एक तरुण इंजिनिअर मॅडम होत्या. त्यांनी नियम सांगितला: संध्याकाळी एक तास मोजणी करायची, तिसाच्या वर वेग असलेल्या निदान वीस गाड्या सापडल्या की गतिरोधक मंजूर. पहिल्या वेळी नाही सापडल्या तर आणखी एकदा मोजणी. तेव्हाही नाही सापडल्या तर फाइल वर्षभर बंद.

"वीस?" मी हसलो. "मॅडम, आमच्याकडे वीस तुम्हाला पेनचं टोपण काढेपर्यंत मिळतील!"

"आणि एक," त्या म्हणाल्या, "रहिवाशांचा सहभाग दिसला पाहिजे. साहेब त्यावर फार भर देतात."

सहभाग! हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. सहभाग दाखवायचाच ना? मग असा दाखवू की नगरपालिकेच्या सात पिढ्यांनी नाव काढलं पाहिजे! घरी येऊन मी चिठ्ठ्या लिहिल्या आणि घरोघर टाकल्या. "मंगळवारी साडेपाच ते साडेसहा मोजणी. सर्वांनी आपापल्या दारासमोर मोठ्या संख्येने हजर राहावे. खुर्च्या आणाव्यात."

व्यवस्थेची जबाबदारी ड्रिल मास्तरांकडे दिली. हे शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना रांगेत उभं करायला कोणी मिळत नव्हतं, त्यामुळे त्यांचे डोळे पाणावलेच.

मंगळवारी मला ऑफिसातून निघायला उशीर झाला. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी तिथे चार सहकाऱ्यांना गोळा करून, लोकसहभाग कसा घडवून आणायचा यावर बोलत होतो. घड्याळ बघतो तर सहा! स्कूटरला टाच मारली आणि निघालो.

गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि बघतच राहिलो. काय ती शिस्त! दोन्ही बाजूंना खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, सगळ्यांची मान ताठ, हात गुडघ्यांवर. आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्याने तर इस्त्रीचं टेबलच बाहेर काढून मांडलेलं. आणि ड्रिल मास्तर शिट्टी गळ्यात घालून येरझाऱ्या घालतायत. माझा ऊर भरून आला. त्या भरात अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्तच पिळला गेला असावा, कारण मी मॅडमसमोर करकचून ब्रेक मारून थांबलो तेव्हा त्यांनी वेग मोजायचं ते बंदुकीसारखं यंत्र खाली केलं आणि म्हणाल्या, "चला, एक तरी मिळाला. अठ्ठेचाळीस."

"कोण?"

"तुम्ही."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे नाहीतच. अहो, गल्लीत शिरलं की दोन्हीकडून पंचेचाळीस माणसं रोखून बघतायत. कोणाची हिंमत आहे? एकाने तर मघाशी टोपी काढली. त्याला वाटलं, कोणी गेलंय."

"एक जण खाली उतरून स्कूटर ढकलत गेला!" ड्रिल मास्तर अभिमानाने म्हणाले. "शिस्त!"

मी कपाळावर हात मारला. साडेसहा वाजले. मोजणीचा निकाल: वेग मर्यादेबाहेर असलेली वाहने, एक. वाहनचालक, अर्जदार स्वतः!

त्या संध्याकाळी घरी माझा पारा असा चढलेला की बायकोनेही थट्टा केली नाही. अक्का मात्र खिडकीतून अजून बाहेरच बघत होती. लोक खुर्च्या उचलत होते, पण कोणाचाच पाय निघत नव्हता. लाँड्रीवाला कोणाला तरी काहीतरी सांगून हसवत होता.

"बाळ्या," ती म्हणाली, "किती दिवसांनी सगळे एकत्र दिसले रे. परत कधी बसणार आहेत?"

"कोणी बसणार नाही!" मी खेकसलो. "बसून बसून तर वाट लावली!"

ती परत खिडकीकडे वळली. मलाही लगेच वाईट वाटलं, पण माझ्या डोक्यात दुसऱ्या मोजणीचं चक्र सुरू झालं होतं.

तीन आठवड्यांनी परत मंगळवार मिळाला. आता गफलत नाही! या वेळी चिठ्ठीचा मजकूर वेगळा. "साडेपाच ते साडेसहा कोणीही, कुठल्याही कारणाने, घराबाहेर पडू नये. खिडकीत उभे राहू नये. दारात लावलेल्या गाड्या मागच्या रस्त्यावर न्याव्यात. कुंड्या आत घ्याव्यात." गल्ली अशी मोकळी करायची की विमानालासुद्धा उतरावंसं वाटलं पाहिजे!

लोकांनी शंका काढल्या. "म्हणजे रस्ता सुरक्षित व्हावा म्हणून आधी तो धोक्याचा करायचा?" सिस्टरनी फोनवर विचारलं.

"तासाभरापुरता, सिस्टर."

"आमच्या इस्पितळात असं कोणी केलं असतं तर त्याला बेड्या पडल्या असत्या," त्या म्हणाल्या, पण घरात बसायचं कबूल केलं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मॅडमना लाँड्रीच्या अर्धवट ओढलेल्या शटरमागे बसवलं. त्यांच्या शेजारी मी, माझ्या शेजारी कपड्यांचा ढीग, ढिगापलीकडे लाँड्रीवाला, हातात गरम इस्त्री. बायकोला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, पायी येणाऱ्यांना दुसऱ्या वाटेने पाठवायला. ड्रिल मास्तर गच्चीवर. बाकी गल्ली चिडीचूप. कुत्रंसुद्धा नाही!

आणि काय सांगू, आल्या! एकेक गाडी अशी सणसणत आली की शटर थडथडायचं.

"बेचाळीस," मॅडम म्हणायच्या.

"वा!" लाँड्रीवाला.

"एकावन्न."

"शाब्बास रे पठ्ठ्या!" हे मी. ज्या गाडीवाल्यांच्या नावाने चार महिने बोटं मोडली, त्यांनाच मी शाबासकी देत होतो. एक जण जरा बेताने चालला होता तर लाँड्रीवाला कळवळून म्हणाला, "अरे, दाब ना!"

सहा वाजेपर्यंत अकरा. सव्वासहा वाजेपर्यंत सतरा. मग अठरा. सहा वाजून सतरा मिनिटांनी सामान पोचवणारी एक गाडी भुर्रकन गेली आणि मॅडमनी कागदावर आणखी एक रेघ ओढली. "एकोणीस."

एक! आता फक्त एक! लाँड्रीवाल्याने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात समोर फाटक करकरलं. आमचंच फाटक!

एका हातात घडीची खुर्ची, काखेत वर्तमानपत्र, अंगावर इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बांधलेले, अशी अक्का फाटकात उभी होती. चार महिन्यांत पहिल्यांदा! एक पाय फाटकाच्या आत, एक बाहेर. रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. बाहेरचा पाय मागे घ्यायची, परत पुढे टाकायची. ओठ हलत होते. स्वतःलाच काहीतरी समजावत असावी.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गल्लीत प्रत्येक घरात मी चिठ्ठी टाकली होती. आमच्या घरात नव्हती टाकली. आपल्याच घरात कोण चिठ्ठी टाकतं? बायकोने तिला एवढंच सांगितलं होतं की आज परत मोजणी आहे. म्हणजे परत सगळे बाहेर बसणार, असं ती समजली. ज्या एका बाईसाठी हा सगळा खटाटोप, तिला सोडून अख्ख्या जगाला मी बेत सांगितला होता!

आणि अक्काने पाऊल टाकलं. एक. दोन. तीन.

वळणावरून गाडीचा आवाज आला.

पुढचं मला सलग आठवत नाही. शटर डोक्याला लागलं, एवढं नक्की. मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा होतो. माझ्या शेजारी लाँड्रीवाला, वाफाळती इस्त्री उगारून. गच्चीवरून ड्रिल मास्तरांची शिट्टी सुरू झाली ती थांबेचना. आणि दारं धडाधड उघडली, सगळी गल्ली बाहेर! कोणी पायजम्यावर, कोणी हातात ताट धरून, कोणी तोंडाला साबण फासलेला. समोरच्या फाटकातून सिस्टर भिंत चाचपत चाचपत निघाल्या होत्या. "कोण पडलं? हात लावू नका कोणी! मी आले!"

गाडी चांगली पन्नास पावलं दूरच थांबली. चालकाने काच खाली करून इस्त्रीकडे बघितलं. "काय झालं? आग लागलीय का?"

"नाही, नाही. तुम्ही सावकाश जा," मी म्हणालो.

अक्का तिथेच उभी होती. सातव्या पावलावर. खुर्ची घट्ट धरून. ती घाबरली असेल म्हणून मी धावलो, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "काय रे बाळ्या? आज सगळे घरात का बसलात? मला वाटलं, मलाच उशीर झाला."

आणि हसली. पण सुटू नये म्हणून लहान मुलं धरतात तशी तिने माझी बाही मुठीत गच्च धरली होती.

मॅडम मागून हळूच आल्या. "ही गाडी धरता येणार नाही," त्या कानात म्हणाल्या. "तुम्हाला बघून त्याने आधीच ब्रेक मारला. बावीस होता वेग. पण अजून नऊ मिनिटं आहेत. एकच गाडी हवी. आजींना दहा मिनिटं आत बसवलंत आणि लोकांना आत पाठवलंत, तर..."

बरोबर होतं त्यांचं. एक गाडी! माझा बावीस वर्षांचा अनुभव सांगत होता की एका मिनिटात मिळेल. मी तोंड उघडलं. "अक्का, जरा दहा मिनिटं..." एवढं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

पण दहा मिनिटांनी ती परत बाहेर येईल याची खात्री कोण देणार? आज एवढं बळ कुठून आणलं होतं तिचं तिलाच माहीत. मी तिला परत फाटकाच्या आत नेऊन बसवणार? माझ्या हाताने?

"नको मॅडम," मी म्हणालो. "राहू दे."

"फाइल बंद होईल. वर्षभर."

"होऊ दे!" मी जरा मोठ्यानेच म्हणालो. मग अक्काच्या हातातली खुर्ची घेतली, दुसरा हात तिला दिला आणि उरलेली अकरा पावलं आम्ही सावकाश चाललो. गल्ली नुसती बघत होती. एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवायला हात उचलला, तर ड्रिल मास्तरांनी गच्चीवरून त्याच्याकडे नुसतं बघितलं.

सिस्टर त्यांच्या फाटकाशीच भेटल्या. त्यांनी अक्काचा चेहरा चाचपला, मग मनगट धरलं, दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलं जुळलंय. चार महिन्यांचे पेपर साठलेत माझ्याकडे. एकही टाकला नाही. बस!"

कोणीतरी सिस्टरसाठी खुर्ची आणली आणि दोघी बसल्या. तिथेच, फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला. अक्काने वर्तमानपत्र उघडलं आणि पहिल्याच बातमीवर दोघींचं भांडण जुंपलं. तोंडाला साबण लावलेला गृहस्थ म्हणाला, "मीही खुर्ची घेऊन येतो." मग आणखी कोणी आणली. लाँड्रीवाल्याने टेबल बाहेर काढलं. गाड्या येत होत्या, माणसं बघून मुंगीच्या पावलांनी जात होत्या. मॅडम नऊ मिनिटं यंत्र धरून उभ्या राहिल्या. साडेसहाला त्यांनी आकड्याखाली रेघ मारली. एकोणीस! मग त्यांनीही एक खुर्ची ओढली.

तेव्हापासून रोज साडेपाचला आमच्या गल्लीत खुर्च्या निघतात. ठरवून नाही, कोणी चिठ्ठी टाकत नाही. कोणी भाजी निवडतं, कोणी मुलांचा अभ्यास घेतं, ड्रिल मास्तर हजेरी घेतात. सिग्नल चुकवणाऱ्यांना आता सिग्नल बरा वाटायला लागलाय म्हणे.

परवा वर्ष पूर्ण झालं. फाइल पुन्हा उघडायची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती. विसरतो की काय! नवा अर्ज आणला, नीट सुवाच्य अक्षरात भरला आणि संध्याकाळी खुर्च्यांमधून वाट काढत सिस्टरच्या फाटकाशी गेलो. पहिली सही अक्काची घ्यायची, असं मी ठरवलंच होतं. या वेळी सगळ्यांत आधी तिला सांगायचं!

"काय आहे?" अक्काने चष्मा सरळ केला.

"गतिरोधकाचा अर्ज. सही कर. मग रोज कोणाला असं राखण करत बसायला नको. गाड्या आपोआप हळू जातील."

अक्काने अर्ज वाचला. सिस्टरनाही वाचून दाखवला, नेहमीसारखा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. सिस्टरनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते काही मला कळलं नाही.

"म्हणजे हा झाला की सगळे आपापल्या घरात जाणार," अक्का म्हणाली.

"जाऊ शकतील," मी म्हणालो. "ज्यांना जायचंय ते."

"हं," अक्का म्हणाली. तिने अर्जाची घडी घातली. मग घडीची घडी घातली. मला वाटलं, पिशवीत ठेवतेय. तर ती वाकली, सिस्टरच्या खुर्चीचा एक पाय उचलला, अर्ज त्याच्याखाली नीट सरकवला आणि खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघितली.

"सिस्टर, आता डुगडुगते का?"

"नाही हो. मस्त बसली."

"कधीची डुगडुगत होती," अक्का मला म्हणाली. "उभा का, बाळ्या? बस."

बसलो. काय करणार? अर्ज दोन प्रतींत भरायचा असतो, दुसरी प्रत माझ्या खिशात होती. पण माझीही खुर्ची जरा डुगडुगत होतीच.